स्वादुपिंडाचा कॅन्सर : स्कॅनच्या चित्रावरून ‘किती दिवस’ हे खरंच कळतं का?

रेवती_सातारा

नमस्कार मंडळी. इथल्या आरोग्य विभागात बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, आज लिहायची वेळ आली.

आप्पा, माझे वडील, वय ६७. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून येणं हा त्यांचा नेम. दिवाळीनंतर साखर अचानक वाढली, आमच्या घरात कुणालाच मधुमेह नसताना. पुढच्या चार महिन्यांत आठ किलो वजन गेलं. पथ्याने उतरलं असं आम्ही समजत होतो, आप्पांना शाबासकीसुद्धा देत होतो. मग डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, काविळीसाठी स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी) टाकला, त्यानंतर सीटी. स्वादुपिंडाच्या डोक्यात ३.२ सेंमीची गाठ. तुकडा तपासला, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच.

सीटीची फिल्म घेऊन आम्ही ओळखीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उजेडाला धरली, अर्धा मिनिट पाहिली आणि म्हणाले, “सहा महिने. फार तर आठ.” आई शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून ती कॅलेंडरकडे बघत नाही. दूधवाल्याच्या खाड्यांची नोंदसुद्धा मी करते.

रात्री झोप येत नाही म्हणून वाचत बसते. सीटीच्या चित्रातून शेकडो आकडे काढून रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधतात, असे बरेच शोधनिबंध दिसले. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एक, त्या फिल्मवर ‘सहा महिने’ असं काही खरंच लिहिलेलं असतं का? दोन, नसेल तर मग चित्रात नक्की काय वाचता येतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. धीर द्यायला म्हणून गोड लिहू नका, खरं तेच लिहा.

---

क्षकिरण

रेवतीताई, मी रेडिऑलॉजिस्ट आहे, गेली १४ वर्षं पोटाचे सीटी आणि एमआरआय वाचतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. फिल्मवर महिने लिहिलेले नसतात. एका रुग्णाचा एक स्कॅन उजेडाला धरून ‘सहा महिने’ म्हणणाऱ्याने तुमच्या वडिलांचा स्कॅन वाचलेला नाही, या आजाराचा ऐकीव आकडा सांगितलाय.

दुसरं उत्तर मोठं आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं पसरलेलं असतं आणि पोटातल्या सगळ्यात महत्त्वाच्या रक्तवाहिन्या त्याला घासून जातात. म्हणून या कॅन्सरमध्ये गाठ किती मोठी यापेक्षा ती कशाला चिकटलीय हे आम्ही आधी बघतो. त्यासाठी खास पद्धतीचा सीटी लागतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं औषध) सोडल्यावर साधारण ४० ते ५० सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या आसपास दुसऱ्यांदा चित्रं घेतात, तीही पातळ कापांची. पहिल्या वेळी निरोगी स्वादुपिंड रक्ताने उजळलेलं असतं आणि गाठ काळपट दिसते, कारण या गाठीत रक्तवाहिन्या कमी आणि तंतूंचा राठ गठ्ठा जास्त असतो. दुसऱ्या वेळी शिरा भरतात आणि यकृतातले छोटे डाग कळतात. काही रुग्णांत गाठ आजूबाजूच्या उतीइतकीच उजळ असते, मग ती दिसतच नाही. तेव्हा स्वादुपिंडाची आणि पित्ताची अशा दोन्ही नळ्या फुगल्यात का, एवढ्याच खुणेवरून आम्ही माग काढतो.

आता रक्तवाहिन्या. आतड्यांना रक्त नेणारी मुख्य धमनी, तिला आम्ही एसएमए म्हणतो, आणि तिच्या शेजारची शीर, एसएमव्ही. गाठ या नळीच्या घेराला किती अंशांत भिडलीय ते मोजतात. धमनीला अजिबात न भिडलेली आणि शिरेला भिडलीच तरी अर्ध्या घेराच्या आत, शिरेची कड शाबूत, तर शस्त्रक्रिया करण्याजोगी. धमनीला १८० अंशांपर्यंत भिडलेली, किंवा शिरेला त्याहून जास्त पण शीर पुन्हा जोडता येण्याजोगी, तर सीमारेषेवरची. धमनीला १८० च्या पुढे वेढा, तर स्थानिक पातळीवर पुढे गेलेली. आणि यकृतात, फुप्फुसांत किंवा पोटाच्या अस्तरावर डाग असतील तर पसरलेली.

माझ्या मते जगण्याबद्दल स्कॅन सगळ्यात खात्रीने जे सांगतो ते एवढंच : शस्त्रक्रिया होऊ शकेल की नाही. सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. निदानाच्या वेळी जेमतेम १५ ते २० टक्के रुग्ण थेट शस्त्रक्रियेच्या गटात असतात.

तुमच्या रिपोर्टमध्ये वाहिन्यांबद्दल काय लिहिलंय? जमलं तर तेवढी ओळ इथे टाका. नाव, नोंदणी क्रमांक वगैरे काही टाकू नका.

---

माई_देवरुख

रेवती, बाळा, आईला एकटी सोडू नकोस. वैद्यकीय काही मला कळत नाही, पण धागा वाचतेय.

---

रेवती_सातारा

माई, सध्या साताऱ्यालाच आहे. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिलीय.

डॉक्टर, रिपोर्टचा मराठीत अर्थ लावून लिहिते. शिरेला गाठ २०० अंशांच्या आसपास भिडलीय, कड वेडीवाकडी आहे, शीर बंद मात्र नाही. धमनीला एका बाजूने चिकटलीय, १८० पेक्षा कमी. यकृतात डाग नाही. आणि एक वाक्य असं आहे : ‘स्टेंटमुळे चित्रात अडथळा, गाठीभोवतीची सूज की गाठच, हे वेगळं करणं अवघड.’

स्टेंट आधी टाकला आणि सीटी नंतर झाला, हे चुकलं का?

---

क्षकिरण

आधी सीटी आणि मग स्टेंट हा क्रम बरा. धातूच्या स्टेंटमुळे चित्रात रेघा येतात, आणि स्टेंट टाकताना स्वादुपिंडाला थोडी जरी सूज आली तरी ती गाठीसारखी काळपट दिसते. पण कावीळ फार वाढली असेल, ताप असेल, तर थांबता येत नाही. त्या वेळी काय परिस्थिती होती ते मला माहीत नाही, म्हणून चुकलं असं म्हणणार नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र लिहून ठेवतो : काविळीसोबत स्वादुपिंडाच्या गाठीची शंका असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर स्टेंटआधी ‘पॅनक्रियाज प्रोटोकॉल सीटी करून घ्यायचा का?’ हे आवर्जून विचारा.

तुम्ही लिहिलंत त्यावरून आप्पा सीमारेषेवरच्या गटात बसतात. हा गट म्हणजे दार बंद झालं असं नाही. हल्ली अशा रुग्णांना बहुधा आधी केमो देतात, दोन ते चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढतात आणि मग शस्त्रक्रियेचं ठरवतात.

इथे चित्राच्या मर्यादेची एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्याच कामातली आहे. पूर्वी केमोनंतरच्या सीटीवर गाठ धमनीला तशीच चिकटलेली दिसली की आम्ही लिहायचो, ‘फरक नाही’, आणि रुग्णाची शस्त्रक्रिया राहायची. मग बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या सर्जननी फॉलफिरिनॉक्स ही अनेक औषधांची एकत्र केमो घेतलेल्या रुग्णांचा अनुभव २०१५ मध्ये मांडला. चित्रात जी गाठ अजून वाहिन्यांना वेढून बसलेली दिसत होती, ती पोट उघडल्यावर बहुतेकांत पूर्ण निघाली. कॅन्सरच्या पेशी मेलेल्या होत्या, मागे उरला होता तंतूंचा व्रण. व्रण आणि जिवंत गाठ सीटीवर सारखेच काळपट दिसतात. तेव्हापासून केमोनंतरचा रिपोर्ट लिहिताना मी नुसतं ‘फरक नाही’ लिहून थांबत नाही. गाठ वाढली नसेल, सीए १९-९ (रक्तात मोजतात ती या कॅन्सरची खूण) उतरला असेल आणि तब्येत सावरली असेल, तर निर्णय सर्जनसोबत बसून करायचा असतो.

सीए १९-९ तपासायचा तर कावीळ उतरल्यावर. काविळीत तो उगाच वर जातो.

---

विदावेडा

रेवतीताई, मी डॉक्टर नाही. वैद्यकीय चित्रांच्या डेटावर काम करतो, नेदरलँड्समध्ये राहतो, आणि तुम्ही ज्या प्रकारचे निबंध वाचलेत तसे तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून थोडं लांब लिहितो.

या प्रकाराला रेडिओमिक्स म्हणतात. हे नाव २०१२ मध्ये मास्ट्रिख्टच्या फिलिप लांबिन आणि सहकाऱ्यांच्या लेखाने रुळवलं. कल्पना साधी आहे. सीटीचं चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला एक घनता असते : पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड शेकड्यांत. गाठीची सीमा आखायची आणि आतल्या आकड्यांची गणितं करायची. सरासरी किती, पसारा किती, शेजारचे ठिपके एकमेकांसारखे आहेत की विस्कटलेले. या विस्कटलेपणाच्या एका मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. पोताची यातली बरीच मापं हॅरलिक यांनी १९७३ मध्ये मांडली, तेव्हा कॅन्सरशी त्यांचा काही संबंध नव्हता. गोधडीचा तुकडा हातात घेतल्यावर शिवण एकसारखी आहे की कुठे दाट कुठे विरळ, हे बोटांना कळतं, तसंच हे माप. मग ज्या रुग्णांचं पुढे काय झालं हे माहीत आहे त्यांच्या स्कॅनवरून संगणक शिकतो की कुठल्या पोताची माणसं जास्त जगली.

यातून खरं काही निघतं का? निघतं. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन संस्थेत यूजीन कोए आणि सहकाऱ्यांनी गाठीची कड मोजली, म्हणजे गाठ आणि बाजूचं स्वादुपिंड यांच्या घनतेत किती फरक आहे ते पाहिलं. मला आधी वाटलं होतं की ठळक, रेखीव कडेची गाठ बरी आणि सगळीकडे पुसट मिसळलेली वाईट. त्यांच्या २०१८ च्या निबंधात निघालं बरोबर उलटं. ठळक कडेच्या गाठी जास्त आक्रमक होत्या आणि त्या रुग्णांचं आयुष्य सरासरीने कमी होतं. त्या गाठींत तंतूंचा गठ्ठा कमी निघाला. २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतही दिसलं होतं की हा तंतूंचा भाग काढून टाकला तर कॅन्सर अधिक उधळतो. म्हणजे ज्याला आपण आजाराची तटबंदी समजत होतो, ती काही अंशी त्याला आवरून धरणारी भिंतही होती. चित्रातल्या एका साध्या वजाबाकीतून गाठीच्या स्वभावाबद्दल इतकं कळावं, हे मला आजही थक्क करतं.

पण इथून ‘आप्पांचे महिने’ काढता येत नाहीत, आणि का ते नीट सांगतो.

पहिलं, बरेचसे अभ्यास एकाच रुग्णालयाच्या शंभर-दोनशे रुग्णांवर केलेले असतात. आकडे काढायचे हजार आणि माणसं दीडशे. अशाने योगायोगानेही काहीतरी जुळतंच. दुसऱ्या गावच्या स्कॅनवर तीच मांडणी चालवली की जोर ओसरतो. दुसरं, कापाची जाडी, यंत्राची कंपनी, कॉन्ट्रास्ट दिल्यापासूनचे सेकंद, यातलं काहीही बदललं तरी पोताचे आकडे बदलतात. गाठ तीच, आकडा वेगळा. म्हणून जगभरच्या गटांनी एकत्र येऊन २०२० मध्ये १६९ मापांच्या व्याख्या आणि ताळ्याचे आकडे पक्के केले, म्हणजे निदान दोन संगणकांनी एकाच चित्रावरून एकच उत्तर द्यावं. तिसरं, स्वादुपिंडाच्या गाठीची सीमा आखणंच कठीण. दोन अनुभवी डॉक्टर बसवले तरी रेघा वेगवेगळ्या येतात. स्टेंट असेल तर विचारूच नका.

चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अशी मांडणी जुन्या रुग्णांवरून शिकलेली असते, आणि उपचार बदलतात. पसरलेल्या आजारात फॉलफिरिनॉक्सने जगण्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर पोचतात तो आकडा, ६.८ वरून ११.१ महिन्यांवर नेला, ते २०११ साली. शस्त्रक्रियेनंतर सुधारित फॉलफिरिनॉक्स दिलं तर मध्यांक ५४.४ महिने आणि जेमसिटाबिन या जुन्या औषधाने ३५, हे २०१८ साली छापून आलं. २००५ च्या रुग्णांवर शिकलेला संगणक २००५ चंच आयुष्य सांगणार.

अचूकता मोजायला सी-इंडेक्स नावाचं माप वापरतात. दोन रुग्णांपैकी आधी कोण जाईल हे किती वेळा बरोबर सांगितलं, एवढंच ते मोजतं. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. ०.७ आला की लेखक समाधानी असतात. म्हणजे दहा जोड्यांत तीन वेळा क्रम चुकतो. ‘कोण आधी’ हेच जिथे इतकं चुकतं, तिथे ‘किती महिने’ कुठून येणार?

---

सुमेध_ठाणे

विदावेडा, वाचनखूण साठवली. माझ्या सासऱ्यांनाही हाच आजार आहे. पीईटी स्कॅनमध्ये एसयूव्ही ११ आलाय. इंटरनेटवर लिहिलंय की जास्त एसयूव्ही म्हणजे आयुष्य कमी. हे तरी पक्कं आहे का?

---

क्षकिरण

सुमेध, दिशा बरोबर आहे, पक्केपणा नाही. पीईटीत किरणोत्सारी खूण लावलेली साखर देतात, गाठीच्या पेशी ती अधाशासारखी ओढतात आणि चमकतात; त्या चमकेचं माप म्हणजे एसयूव्ही. जितकी चमक जास्त, जितकं चमकणारं आकारमान मोठं, तितकं गटाचं सरासरी आयुष्य कमी, असं अनेक अभ्यासांत आलंय. पण प्रत्येक अभ्यासाची रेषा वेगळी, कुणी ४ वर आखतो, कुणी ७ वर. शिवाय या रुग्णांत मधुमेह नेहमीचा. रक्तात साखर जास्त असेल तर ती खुणेच्या साखरेशी स्पर्धा करते आणि चमक फसवी कमी दिसते. स्वादुपिंडाला नुसती सूज असली तरीही चमकतं. एकाच यंत्रावर, साखर ताब्यात ठेवून, उपचाराआधी आणि नंतर असे दोन स्कॅन असतील तर त्यांतला फरक उपयोगी पडतो. एकटा ११ घेऊन बसू नका.

---

पोळीभाजी_आहारतज्ज्ञ

मी कॅन्सर रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सगळे गाठीबद्दल बोलताय. त्याच सीटीत आयुष्याबद्दल सांगणारी आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्यासाठी वेगळा स्कॅनही काढावा लागत नाही : स्नायू.

कमरेचा तिसरा मणका जिथे येतो तिथला एक आडवा काप घ्यायचा. त्यात पाठीचे, पोटाचे आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंचे सोआस स्नायू दिसतात. उणे २९ ते अधिक १५० या घनतेतला भाग म्हणजे स्नायू. त्याचं क्षेत्रफळ मोजून उंचीच्या वर्गाने भागायचं. या एका कापावरून अख्ख्या शरीरातल्या स्नायूंचा अंदाज येतो. २००९ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की वजन जास्त पण स्नायू कमी, अशा रुग्णांचं आयुष्य सगळ्यात कमी होतं. वरून माणूस चांगला गोलमटोल, आतून पोखरलेला.

आपल्याकडे याला जास्त महत्त्व आहे. सगळीकडे वापरले जाणारे ५२.४ पुरुषांसाठी आणि ३८.५ स्त्रियांसाठी हे कटऑफ कॅनडातल्या लठ्ठ रुग्णांवरून आलेत. आपली शरीरं तशी नाहीत. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचं उदाहरण दिलं होतं : दोघांचा बीएमआय सारखा, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त. बारीक दिसणारा आपला माणूस मुळातच कमी स्नायूंवर चालत असतो. त्यामुळे कॅनडाची रेषा लावली तर आपले अर्धेअधिक रुग्ण पहिल्याच दिवशी ‘धोक्यात’ दिसतील. म्हणून मी कटऑफ बघत नाही. आधीच्या सीटीशी पुढचा सीटी ताडून बघते, की याच माणसाचे स्नायू तीन महिन्यांत किती गेले.

आणि रेवती, यातली मला सगळ्यात जवळची गोष्ट अशी की इथे आपल्याला हात घालता येतो. गाठीचा पोत तुम्ही बदलू शकत नाही. आप्पांचं आठ किलो वजन गेलं ते फक्त कॅन्सरने नाही. स्वादुपिंडाची नळी दबली की पाचक रस आतड्यात उतरत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. शौचाला तेलकट, चिकट, फार वास येणारी होते का ते विचारा. लाजतात, सांगत नाहीत. होत असेल तर डॉक्टरांना एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. त्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, पहिल्या घासाबरोबर आणि जेवण मोठं असेल तर मध्येही. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना सहा आठवडे कुणी एन्झाइम दिलं नव्हतं आणि घरचे मात्र ‘खात नाहीत’ म्हणून त्यांच्यावर ओरडत होते.

प्रथिनं रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. अंडी चालत असतील तर अंडी, नाहीतर पनीर, दही, मुगाचं धिरडं, शेंगदाण्याचं कूट. साखरेच्या भीतीने उपास घडवू नका, साखर औषधाने सांभाळता येते. आणि चालणं थांबवू नका.

---

रेवती_सातारा

ताई, विचारलं. होतंय. दोन महिन्यांपासून होतंय. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

उद्याच डॉक्टरांशी बोलते.

---

मांडवीकाठ

मी पणजीहून. २०१८ मध्ये मुख्यमंत्री मनोहरभाई पर्रीकरांना हा आजार झाला तेव्हा आमच्याकडे घराघरांत स्वादुपिंड हा शब्द पोचला. नाकात नळी घेऊन ते मांडवीवरच्या नव्या पुलाची पाहणी करायला आले होते, ते चित्र गोव्यात कुणी विसरलेलं नाही. मार्च २०१९ मध्ये ते गेले.

माझ्या आईला त्याच वर्षी निदान झालं. आम्हालाही एक आकडा मिळाला होता, नऊ महिने. आई त्यानंतर तीन वर्षं आणि दोन महिने होती. माझ्या भाचीचं लग्न पाहिलं. शेवटचं वर्ष सोपं नव्हतं, ते लपवत नाही. पण पहिले नऊ महिने आम्ही सगळे घरात दबकत चालत होतो, मोठ्याने हसलो नाही, आणि ते महिने मला परत हवेत. आकडा चुकला याचा आनंद आहे, पण त्या आकड्याने आमचं जे नेलं तेही खरंच.

---

विदावेडा

मांडवीकाठ, आईंबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

मध्यांकाबद्दल लिहायला हवं. ११ महिने मध्यांक याचा अर्थ ११ महिन्यांनी सगळे जातात असा नाही. निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते. आणि पुढची बाजू लांब असते. शून्याच्या अलीकडे कुणी जाऊ शकत नाही, पुढे मात्र काही जण वर्षानुवर्षं जातात. सिडनीच्या काही कॅन्सरतज्ज्ञांनी पुढे गेलेल्या कॅन्सरच्या चाचण्यांचे आलेख तपासून एक ठोकताळा दिलाय : मधले निम्मे रुग्ण मध्यांकाच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत असतात, आणि दहातला एक साधारण तिप्पट किंवा त्याहून पुढे जातो. मध्यांक ११ असेल तर नेहमीचा पल्ला साडेपाच ते बावीस महिने. डॉक्टरांना आकडा विचारायचाच असेल तर असा पल्ला विचारा.

---

कुसुमकाकू

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

आमच्या ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, हाच आजार. आम्हाला कुणीच काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणत, “बघू या, उपचार चालू आहेत.” मुलांना सांगितलं होतं, मला नाही, ह्यांनाही नाही. पाच महिन्यांत गेले. ह्यांच्या मनात गावच्या घराचा वाटा धाकट्या भावाला द्यायचा होता. ते राहिलं, आणि नंतर जे झालं ते इथे लिहीत नाही. त्यांना माहीत असतं तर त्यांनी ते स्वतःच्या हाताने केलं असतं. त्या घराच्या ओटीवर शेवटचं बसून आले असते.

तुम्ही सगळे म्हणताय आकडा सांगू नये. मला तो हवा होता.

---

क्षकिरण

काकू, राग कसला. तुमचं म्हणणं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी माझं वाक्य दुरुस्त करतो. सांगूच नये असं मला म्हणायचं नाही. अर्ध्या मिनिटात एकच आकडा फेकणं चूक, आणि काहीच न सांगणंही तितकंच चूक. स्कॅनमधून जे कळतं ते रुग्णाला कळायलाच हवं : कुठल्या गटात आहे, त्या गटातल्या लोकांचं साधारण काय होतं, पल्ला किती, आणि कागदपत्रं, भेटीगाठी कधी उरकून घ्याव्यात. आणि ते आधी रुग्णाला विचारून, त्याला किती ऐकायचंय ते पाहून. आमच्या शाखेत हे घडत नाही, कारण आम्ही चित्राला भेटतो, माणसाला भेटत नाही. रिपोर्ट छापून बाहेर जातो आणि तो कोण कुणासमोर कसा वाचतो हे आम्हाला कधी कळत नाही.

---

कुसुमकाकू

एवढं तरी कुणी बोललं असतं आमच्याशी.

---

नाना_जळगाव

आमच्या ग्रुपवर आलंय की चीनमध्ये एआयने साध्या सीटीवरून हा कॅन्सर ओळखता येतो. मग आता आयुष्यही सांगता येईलच की?

---

विदावेडा

नाना, बातमी खरी आहे, पण प्रश्न दोन आहेत. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ‘पांडा’ नावाच्या प्रणालीचं काम आलं. कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सीटीवर गाठ ओळखायची. वीस हजारांवर रुग्णांच्या नेहमीच्या स्कॅनवर तपासली, संवेदनशीलता, म्हणजे खरी गाठ ओळखण्याचं प्रमाण, ९२.९ टक्के. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या जुन्या सीटीत, निदानाच्या साधारण वर्षभर आधी, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या स्वादुपिंडाचा पोत बदललेला असतो.

हे ‘आहे का’ याचं उत्तर. ‘किती जगेल’ हा प्रश्न वेगळा, कारण ते उपचार, पोषण, गाठीची जनुकं, रुग्णालय किती अनुभवी, या सगळ्यावर ठरतं आणि यातलं बरंचसं चित्रात नसतं. पण मला विचाराल तर आयुष्य लांबवण्याची जास्त आशा या पहिल्या कामातच आहे. अमेरिकेत सगळे टप्पे मिळून पाच वर्षं जगणारे १३ टक्के आहेत. गाठ स्वादुपिंडापुरती असताना सापडली तर हे प्रमाण ४४ टक्के. वजन उतरत असताना पन्नाशीनंतर अचानक मधुमेह झाला, तर त्यात एखाद्याला हा आजार असू शकतो. कुणाला शोधायचं हे तिथून ठरवता येईल का, यावर बरंच काम चालू आहे.

रेवतीताई, हे आप्पांच्या संदर्भात लिहिलेलं नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मधुमेह नव्याने झालेल्यांत हा कॅन्सर असणारे शंभरात एखाददुसराच, आणि वजन उतरल्याचा आनंद कुणालाही झाला असता.

---

रेवती_सातारा

अकरा आठवड्यांनी लिहितेय. मध्ये व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून चौकशी केलीत त्या सगळ्यांचे आभार. उत्तरं देता आली नाहीत.

आप्पांची केमो चालू आहे, फॉलफिरिनॉक्सच, मात्र वयामुळे मात्रा थोडी कमी. तिसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या, एक आठवडा पुढे ढकलावं लागलं. बोटांना थंड पाणी सोसत नाही, आई त्यांना पाणी कोमट करून देते.

एन्झाइम सुरू होऊन दहा आठवडे झाले. वजन आणखी उतरलं नाही, उलट दीड किलो वाढलं. अजिंक्यतारा नाही जमत, पण संध्याकाळी राजवाड्यापर्यंत जाऊन येतात.

परवा पुन्हा सीटी झाला, या वेळी दोन्ही टप्प्यांचा. गाठ ३.२ ची २.६ झालीय. शिरेचा वेढा कमी वाटतोय, धमनीचा तसाच आहे. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय : ‘उरलेला भाग व्रण असू शकतो, शस्त्रक्रिया गटाशी चर्चा करावी.’ क्षकिरण डॉक्टर, ते वाक्य वाचलं आणि तुमची आठवण झाली. सीए १९-९ कावीळ उतरल्यावर ४१० होता, आता ८८. सर्जननी पुढच्या बुधवारी बोलावलंय. मी पाच प्रश्न लिहून ठेवलेत, ‘किती महिने’ त्यात नाही. पल्ला मात्र विचारणार आहे. आप्पांनीच सांगितलंय विचार म्हणून. कुसुमकाकूंचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली फाइल काढून आईला कुठला कागद कशाचा ते समजावलं. दोघं दुपारभर तेच करत बसली होती.

काल सीडी लॅपटॉपवर लावून आप्पांना चित्र दाखवलं. त्यांनीच मागितलं. मला जमेल तसं सांगितलं, हे यकृत, हा कणा, ही काळपट दिसतेय ती गाठ. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग कण्याच्या दोन्ही बाजूंच्या राखाडी गोळ्यांवर बोट ठेवून विचारलं, “आणि हे काय?” मी म्हटलं, ते सोआस, चढ चढायचे स्नायू. मग आधीचा सीटी शेजारी लाव म्हणाले. दोन्ही कितीतरी वेळ ताडून पाहत होते.

---

पोळीभाजी_आहारतज्ज्ञ

रेवती, दोन्ही सीडी बुधवारी सोबत ने. तिथल्या रेडिऑलॉजिस्टना तिसऱ्या मणक्याचा काप दोन्हींत मोजून द्यायची विनंती कर, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि ऑपरेशन ठरलं तर आधीच्या तीन-चार आठवड्यांत काय खायचं, किती चालायचं, ते मी तुला व्यनित लिहून देते. आप्पांना आवडतं काय, ते तेवढं कळव.

---

रेवती_सातारा

शेंगदाण्याची आमटी आणि वरईचा भात. एकादशी असो नसो.